कॅनिंगची आगगाडी

कोलकात्यास जाणारा मराठी प्रवासी बहुधा हावड्यास उतरतो. नागपूर-बिलासपूरवरून येणारी गाडी त्याला तेथे आणून सोडते, आणि मग हुगळीवरचा तो अवाढव्य पूल, कालीघाट, दक्षिणेश्वर, बेलूर मठ, जोडासाँकोचा ठाकूरवाडा असा ठरलेला क्रम सुरू होतो. शहराच्या पूर्वेकडील सियालदह स्टेशन या क्रमात सहसा बसत नाही. त्यातही तेथील दक्षिण विभागाचे लोकल गाड्यांचे फलाट तर नाहीच नाही. तरी वाचकहो, आपल्या मुक्कामात एखादी सकाळ मोकळी निघत असेल, तर ती या फलाटांसाठी राखून ठेवा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

मात्र त्यासाठी पहाटे उठावे लागेल. येथून कॅनिंग नावाच्या गावी जाणारी लोकल सुटते. अंतर अवघे पंचेचाळीस किलोमीटर. म्हणजे मुंबईच्या बोरीबंदरहून कल्याण गाठण्याहूनही कमी. वेळ सव्वा तासाच्या आसपास. आपल्याला खिडकीजवळची जागा बिनबोभाट मिळेल, कारण त्या वेळी सगळी गर्दी उलट्या दिशेने वाहत असते. गाडी सुटून बालीगंज, ढाकुरिया, जादवपूर अशी एकेक स्टेशने घेऊ लागली, की समोरून कॅनिंगकडून येणारी गाडी दिसेल. तिच्यातून बायकांचा लोंढाच्या लोंढा फलाटावर उतरत असतो. खांद्याला पिशवी, पायांत रबरी चपला, आणि चालण्यात अशी घाई की वाटेत कोणी थांबून बोलत नाही. या महानगरातील हजारो स्वयंपाकघरे, मोऱ्या आणि पाळणे यांच्या हाती आहेत. कोलकात्यातील काही मंडळी या गाडीला ‘झी स्पेशल’ म्हणतात. ‘झी’ म्हणजे मोलकरीण. नाव कुचेष्टेचे आहे. पण बंगाली भाषेत ‘झी’ या शब्दाचा जुना अर्थ ‘लेक’ असा आहे, हे कुचेष्टा करणाऱ्यांच्या ध्यानात राहत नसावे.

हा मार्ग या बायकांसाठी बांधलेला नव्हता. तो बांधला एका बंदरासाठी. ते बंदर कलकत्त्याला मागे टाकील, सिंगापूरशी बरोबरी करील, असे त्या काळचे व्यापारी बोलत असत. बंदर काही वर्षांतच बुडाले. रूळ मात्र जागच्या जागी राहिले. असे का झाले, हे सांगण्यासाठीच आपल्याला या गाडीत बसविले आहे.

कलकत्ता हे समुद्रावरचे बंदर नव्हे, हे प्रथम लक्षात घ्यावे. समुद्र तेथून सव्वाशे किलोमीटरहून अधिक दूर. जहाजांना हुगळी नदीतून वर चढावे लागते, आणि हुगळी म्हणजे गाळाची वाट. वाळूचे दांडे आज येथे, तर उद्या तेथे. ‘जेम्स अँड मेरी’ नावाचा एक दांडा तर इतका कुप्रसिद्ध, की १६९४ साली त्यावर फुटलेल्या जहाजाचे नावच त्याला कायमचे चिकटले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास असा बोलबाला झाला, की हुगळी मरते आहे. आणखी काही वर्षांनी मोठे जहाज कलकत्त्यास येऊच शकणार नाही. ही भीती अगदीच पोकळ नव्हती. त्याच गाळापायी पुढे हल्दियाला नवी गोदी उभारावी लागली आणि हुगळीत अधिक पाणी सोडण्यासाठी १९७५ साली फरक्क्याचे धरण कामास लावावे लागले. पण १८५० च्या सुमारास व्यापाऱ्यांना इतका दम नव्हता. त्यांनी आजूबाजूस दुसरी नदी शोधण्यास सुरुवात केली आणि त्यांची दृष्टी मातला नदीवर पडली.

मातला! मराठी कानाला हे नाव ऐकताच अर्थ सांगावा लागत नाही. बंगालीतही तो जवळपास तोच आहे: माजलेली, झिंगलेली, बेभान. सुंदरबनातील तिवरांच्या दाट रानातून ही नदी समुद्राकडे जाते, असे म्हणण्यापेक्षा समुद्रच तिच्या रूपाने आत येतो, असे म्हणणे अधिक बरोबर. कोकणातील मोठ्या खाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे चटकन कळेल. वरून येणारे गोड पाणी तिला फारसे नाही. भरती-ओहोटीच्या येण्याजाण्यानेच तिचे पात्र खोल राहिले होते. आणि ते खरोखरच खोल होते. मोठी जहाजे सुखाने आत येऊ शकत. शिवाय कलकत्ता तेथून खुष्कीने केवळ अठ्ठावीस मैल. मध्ये आगगाडी टाकली की काम झाले!

१८५३ साली सरकारने मातलेच्या काठची सुमारे आठ हजार एकर जमीन अकरा हजार रुपयांस विकत घेतली. सुंदरबनाच्या जमिनीचे सरकारने क्रमांक घालून ‘लॉट’ पाडले होते, हा चोपन्नावा. बंगाली माणूस या ‘लॉट’चा उच्चार ‘लाट’ असा करतो. मराठीत त्याचा अर्थ काय होतो, ते आपण जाणताच. पुढची कथा वाचताना हा योगायोग मला नेहमी जरा बेचैन करतो.

याच वर्षी कलकत्त्यातील एका माणसाने गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांना उद्देशून एक पत्र छापून प्रसिद्ध केले. त्याचे नाव हेन्री पिडिंग्टन. पूर्वी तो जहाजांवर कप्तान होता. मग कलकत्त्यास स्थायिक होऊन सागरी अपघातांची चौकशी करणाऱ्या न्यायमंडळाचा अध्यक्ष झाला. फुटलेल्या, भरकटलेल्या, वाऱ्याने मोडलेल्या जहाजांच्या रोजनिशा वाचता वाचता त्याला वादळांचा छंद जडला. कोणत्या जहाजाला कोणत्या घटकेस कोणत्या दिशेचा वारा लागला हे नकाशावर मांडून तो पाहू लागला, आणि ही वादळे सरळ धावत नाहीत, सर्पाच्या वेटोळ्याप्रमाणे एका केंद्राभोवती फिरतात, हे त्याने खलाश्यांना समजेल अशा भाषेत लिहिले. १८४८ साली निघालेल्या त्याच्या पुस्तकात या वादळांना त्याने ग्रीक भाषेवरून एक नवा शब्द दिला: ‘सायक्लोन’. आज रेडिओवर, वर्तमानपत्रांत, शाळेच्या भूगोलात जो शब्द आपण वापरतो, तो कलकत्त्यात बसून या माणसाने घडविला आहे. खलाश्यांना वादळाचे केंद्र कोणत्या बाजूस आहे ते ओळखता यावे म्हणून शिंगाच्या पारदर्शक पत्र्यावर कोरलेली चक्रेही त्याने त्या पुस्तकासोबत दिली होती. नकाशावर ठेवून ती फिरवावयाची.

पिडिंग्टनला वाऱ्याहून पाण्याची भीती अधिक वाटे. बंगालचा उपसागर उत्तरेकडे निमुळता आणि उथळ होत जातो. वादळ आपल्यापुढे समुद्राचे पाणी लोटीत आणते. तळ वर येऊ लागला, किनारे जवळ आले, की त्या पाण्याला वर चढण्यावाचून वाट उरत नाही. आंध्राच्या किनाऱ्यावरील कोरिंगा बंदराचा अशाच लाटांनी १७८९ आणि १८३९ साली कसा निकाल लावला, याचे वृत्तांत त्याने अभ्यासिले होते. त्यामुळे मातलेच्या काठी शहर वसविण्याचा बेत कानी येताच त्याने लेखणी उचलली. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की येथे वस्ती करणाऱ्या प्रत्येकाने एक दिवस मनात धरून ठेवावा. त्या दिवशी वादळाच्या ऐन भरात खाऱ्या पाण्याची भिंत चालून येईल आणि सारी वसाहत पाच ते पंधरा फूट पाण्याखाली जाईल. तिवरांचे रान तोडून तेथे बंदर बांधणे म्हणजे दाराची फळी काढून दारात झोपणे, हे आपल्या कोकणातील कोणाही खारव्याने सांगितले असते. सरकारी चष्म्यातून ते दिसले नाही. पिडिंग्टन हा एक वादळवेडा म्हातारा, असा समज करून घेणे सोयीचे होते. १८५८ साली तो वारला.

आता गाडीकडे वळू. जादवपूर, बाघाजतीन, गडिया ही स्टेशने मागे पडतात. बाघाजतीन हे नाव प्रसिद्ध क्रांतिकारकाचे. या भागातील कितीतरी वसाहती १९४७ नंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी दलदल भरून, बांबूच्या तट्ट्या उभारून स्वतःच्या हाताने वसविल्या. पुढे सोनारपूर. येथे रुळांची वाट दुभंगते. सरळ दक्षिणेस जाणारा मार्ग बारुईपूर, डायमंड हार्बरकडे जातो. तो नंतरचा, १८८० च्या दशकातला. आपली गाडी डावीकडे, आग्नेयेस वळते. मूळचा आणि थोरला मार्ग हाच, पण आता त्याच्याकडे पाहून कोणाला तसे वाटणार नाही.

‘कलकत्ता अँड साउथ ईस्टर्न रेल्वे’ हे त्या कंपनीचे भारदस्त नाव. भांडवल विलायतेतील भागधारकांचे, आणि त्यावर सरकारची व्याजाची हमी. त्या काळच्या रेल्वे कंपन्यांना ही मोठी चैन होती. गाडीला नफा झाला तर तो भागधारकांचा, आणि तोटा झाला तर तूट हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे येथल्या शेतकऱ्याच्या साऱ्यातून भरून निघणार. अशा हमीवर कोणता मार्ग आतबट्ट्याचा वाटणार? मुंबई-ठाण्याच्या पहिल्या गाडीला दहा वर्षेही झाली नव्हती, तोच १८६२ च्या आरंभी सियालदहहून चंपाहाटीपर्यंत गाडी धावू लागली. पुढचा टप्पा कठीण होता. भातखाचरे, खारट दलदल, भरतीच्या पाण्याने भरणाऱ्या शेकडो नाळा, पियाली नदी. मातीचा भराव घालावा, तर दगड जवळपास कोठे नाही; बंगालच्या या भागात खडा औषधालाही सापडत नाही. १८६३ साली गाडी मातलेच्या काठी पोचली. रुंदी मात्र तीच साडेपाच फुटांची, हिंदुस्थानातील मोठ्या मार्गांची. छोट्या मार्गाने पुढच्या वैभवाची तयारी आधीच करून ठेविली होती.

नव्या गावाला व्हाइसरॉय लॉर्ड कॅनिंग यांचे नाव दिले गेले: पोर्ट कॅनिंग. ज्याच्या नावाने गाव वसले त्याने येथे गाडी आलेली काही पाहिली नाही. तो १८६२ च्या मार्चमध्ये विलायतेस परतला आणि जूनमध्ये तेथे मरण पावला. त्याची पत्नी त्याच्याही आधी, १८६१ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास तापाने वारली होती. बंगाली हलवायांनी मात्र तिला अमर केले. गुलाबजामाच्या जातीची, छेन्याची, तळून पाकात सोडलेली एक मिठाई तिच्या नावावर चालते; लोक तिला ‘लेडीकेनी’ म्हणतात. या दांपत्याच्या नावाची इतर स्मारके पुसट झाली. ही आजही कढईतून ताजी निघते.

चंपाहाटी येते. दिवाळीच्या दिवसांत अर्धे कोलकाता ज्या फटाक्यांनी दणाणते ते या परिसरात तयार होतात. मग पियाली, गौडदह, आणि त्यापुढे घुटियारी शरीफ. येथे गाझीबाबांचा दर्गा आहे. सुंदरबनात मध गोळा करणारे, लाकूडतोडे, कोळी यांची या पिरावर आणि बनबीबी या वनदेवतेवर सारखीच श्रद्धा. वाघाच्या राज्यात शिरणाऱ्या माणसाला हिंदू-मुसलमान हा भेद परवडत नाही. येथील जत्रेच्या दिवसांत गाडीत पाय ठेवण्यास जागा नसते.

बंदराकडे परत येऊ. १८६२ साली येथे नगरपालिका स्थापन झाली. धक्के, मालगुदामे, भात सडण्याची गिरणी, रेल्वेचे हॉटेल अशी एकेक इमारत उठू लागली. १८६४ च्या ५ ऑक्टोबरला एक भयंकर चक्रीवादळ हुगळीच्या मुखातून कलकत्त्यावर चालून गेले आणि सुमारे पन्नास हजार माणसे बळी पडली. आपला हवामान विभाग १८७५ साली स्थापन झाला, त्यामागील कारणांत हे वादळ अग्रभागी होते. पिडिंग्टनचे पत्र पुन्हा काढून वाचण्यास याहून चांगली वेळ नव्हती. पण पुढच्याच वर्षी, १८६५ मध्ये, फर्डिनंड शिलर या कलकत्त्यातील व्यापाऱ्याच्या पुढाकाराने पोर्ट कॅनिंगची जमीन आणि गोद्या विकसित करण्यासाठी एक मोठी कंपनी निघाली.

येथे आपल्या मुंबईचा या कथेशी संबंध येतो, आणि तो फारसा अभिमानाचा नाही. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस थांबला होता आणि मुंबईत सोन्याचा पाऊस पडत होता. प्रेमचंद रायचंद यांच्या नावाचा दबदबा होता. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्यांच्या भागांवर कारकून, वकील, दुकानदार सारेच सट्टा खेळत. दूरच्या बंगालमधील या बंदर-कंपनीच्या भागांवरही मुंबईच्या बाजारात उड्या पडल्या. ज्यांनी मातला नदी नकाशावरही पाहिली नव्हती, त्यांनी तिच्या गाळावर पैसे लावले. १८६५ साली अमेरिकेतील युद्ध संपले, कापूस उतरला, आणि जुलैत मुंबईचा बाजार कोसळला. बॅक बेच्या कंपनीचे काय झाले ते पुष्कळांना ठाऊक आहे. कॅनिंगच्या कंपनीचे भवितव्य त्याहून निराळे नव्हते. फक्त तिचा शेवटचा तडाखा बाजारातून न येता समुद्रातून यावयाचा होता.

कारण जहाजेच येईनात. कलकत्त्याच्या व्यापाऱ्यांनी गाजावाजा केला खरा, पण त्यांच्या पेढ्या, वखारी, दलाल, बँका, सारे हुगळीच्या काठी. वाफेच्या बोटी जहाजांना ओढून वर आणू लागल्या, वाटाडे अधिक तयार झाले, आणि हुगळी काही मेली नाही. पोर्ट कॅनिंगच्या सर्वांत भरभराटीच्या वर्षी, म्हणजे १८६५-६६ मध्ये, बंदरात आलेली जहाजे किती? सव्वीस. बंदराला जोडणारी आगगाडी बंदराहून मोठी ठरली होती. रोज गाड्या सुटत, डबे रिकामे जात, आणि हमीचे व्याज ठरल्या दिवशी विलायतेस पोचत होते.

१ नोव्हेंबर १८६७ च्या रात्री वादळ आले. पिडिंग्टनने कल्पिलेल्या वादळांत ते फार मोठे नव्हते. चढलेली लाट सहा फुटांच्या आसपास; त्याने वर्तविलेल्या मापातील खालच्या टोकाची. तेवढीही पुरली. स्टेशनची इमारत, मालाची गुदामे, रेल्वेचे हॉटेल, सारे जमीनदोस्त झाले. कंपनीचे साठवणीचे जुने जहाज दोर तोडून सुटले आणि रेल्वेच्या धक्क्याचा मोठा भाग आपल्याबरोबर घेऊन गेले. गोड्या पाण्याचे तलाव खारट झाले. हे शेवटचे नुकसान आपण दुर्लक्षू नये. पडलेली भिंत सहा महिन्यांत उभी राहते, पण खारवलेले तळे आणि खारवलेले शेत पुन्हा गोड होण्यास कित्येक पावसाळे जावे लागतात. सुंदरबनातील गृहिणीला हे आजही कोणी शिकवावे लागत नाही.

१८६८-६९ मध्ये बंदरात एकच जहाज आले. रेल्वे कंपनीने करारातील कलमाचा आधार घेऊन मार्ग सरकारच्या गळ्यात बांधला आणि आपले भांडवल परत घेतले. अशा रीतीने १८६८ साली हा तोट्याचा मार्ग हिंदुस्थान सरकारच्या मालकीचा झाला. सरकारच्या मालकीत आलेल्या अगदी पहिल्या रेल्वेमार्गांपैकी तो एक. राष्ट्रीय मालकीची सुरुवात येथे तत्त्वापायी झाली नाही, दुसरा घेणारा नव्हता म्हणून झाली. १८७२ च्या सुमारास बंदर अधिकृतपणे सोडून देण्यात आले. नदी, जमीन आणि रूळ राहिले.

मग या मार्गाचे दुसरे आयुष्य सुरू झाले. त्याला ना कोणी उद्घाटन केले, ना भाषण. सुंदरबनातील रान तोडून, खाजणांना घालतात तसे मातीचे बांध घालून, बंगालच्या पश्चिम भागातून आणि छोटानागपूरहून आणलेली कुळे बेटांवर शेती करू लागली. त्यांचे भात, लाकूड, मासे, मध कॅनिंगच्या घाटावर होडीने यावयाचे आणि तेथून आगगाडीने शहरात जावयाचे. १९०३ साली डॅनियल हॅमिल्टन या स्कॉटिश व्यापाऱ्याने गोसाबा येथे जमीन घेऊन सहकाराच्या तत्त्वावर वसाहत उभारली. सावकाराच्या पाशातून कुळांना सोडविण्यासाठी त्याने पतपेढ्या, सहकारी भांडार, भातगिरणी काढली, आणि १९३६ साली आपल्या वसाहतीपुरती एक रुपयाची नोटसुद्धा छापली. १९३२ च्या डिसेंबरअखेरीस रवींद्रनाथ ठाकूर ही वसाहत पाहण्यासाठी मुद्दाम गोसाब्यास गेले होते. शहरातून गोसाब्याची वाट म्हणजे कॅनिंगचीच वाट. व्यापारी जहाजांसाठी बांधलेले स्टेशन हळूहळू होड्यांचे स्टेशन झाले. १९६० च्या दशकात मार्गावर विजेची गाडी आली आणि शहर आणखी जवळ आले.

तालदी गेले, की कॅनिंग. गाडी येथे संपते. फलाटावर उतरताच माशांचा वास येईल. खेकड्यांच्या टोपल्या आणि कोळंबीच्या पेट्या रिकाम्या होऊन परतलेल्या दिसतील, कारण त्यांचा प्रवास आपण उठण्याच्या आधीच झालेला असतो. बाजार ओलांडून नदीकडे चला. वाटेत एक जुनी, पडझड झालेली कोठी दिसते. लोक तिला लॉर्ड कॅनिंगची कोठी म्हणतात, आणि त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. मग बांधावर चढा आणि मातला पाहा.

आपली निराशा होण्याचा संभव आहे. ओहोटीची वेळ असेल, तर समोर दूरवर चकाकणारा राखाडी चिखल, आणि त्याच्या मधोमध पाण्याची एक पट्टी. मोठमोठी जहाजे जिच्यात सुखाने उभी राहत ती नदी हीच काय, असा प्रश्न पडतो. या नदीचे पात्र भरतीच्या पाण्याने घासून खोल राहत होते, हे वर सांगितलेच आहे. भरतीचे पाणी पसरण्याच्या जागा बांध घालून बंद झाल्या. आत येणारे पाणी कमी, म्हणून बाहेर जाणारेही कमी. वेग मंदावला, गाळ बसला. वरून मिळणारी विद्याधरी नदी कलकत्त्याच्या सांडपाण्याने आणि गाळाने गुदमरली. १९२८ साली ती मृत ठरविण्यात आली. हुगळी मरणार म्हणून ज्या नदीकडे धाव घेतली, तीच अखेर आधी मेली. पिडिंग्टनलाही हे सुचले नव्हते.

२०११ साली मातलेवर मोटारींचा पूल झाला. त्यापूर्वी ओहोटीच्या वेळी होडी काठाला लागत नसे, आणि बायाबापड्यांना लुगडे गुडघ्यावर खोचून, मूल कडेवर घेऊन, चिखल तुडवीत घाट गाठावा लागे. घाटावर पाय धुवावयाचे, चपला घालावयाच्या आणि गाडीकडे धावावयाचे.

ज्या बायका आपण पहाटे पाहिल्या, त्यांतील पुष्कळजणींच्या कथेत एक तारीख येते: २५ मे २००९. त्या दिवशी ‘आयला’ वादळाने सुंदरबनाचे बांध फोडले आणि शेतात खारे पाणी शिरले. भात पिकेना. पुरुष केरळ, तामिळनाडूकडे कामास गेले. बायकांनी कॅनिंगची गाडी धरली. पुढे २०२० च्या २३ मार्चला महामारीमुळे लोकल गाड्या बंद झाल्या, आणि २० मे रोजी ‘अंफान’ वादळ आले. गाडी बंद असल्यामुळे शहरातील कामे सुटलेली आणि गावी घरावर छप्पर नाही, अशा अवस्थेत तो पावसाळा गेला. गाड्या पुन्हा सुरू झाल्या त्या ११ नोव्हेंबरला. या साडेसात महिन्यांत कोलकात्याच्या सुखवस्तू घरांनी भांडी स्वतः घासली, आणि त्याबद्दल वर्तमानपत्रांत विनोदी लेखही आले. बेटांवरील घरांनी काय केले याबद्दल विनोदी लेख आले नाहीत.

आता वादळ येण्यापूर्वी काही दिवस आधी त्याची दिशा, वेग, लाटेची उंची सांगितली जाते. त्याला नाव दिले जाते. माणसे निवाऱ्यात हलविली जातात. पिडिंग्टन हयात असता तर त्याला धन्य वाटले असते. मात्र शेत हलविता येत नाही.

परतीची गाडी दुपारी धरावी. बाजारातून चार लेडीकेनी बांधून घ्या. पाक गळतो, म्हणून मडक्यातच मागा. याही वेळी आपल्याला खिडकी मिळेल. सोनारपूरच्या अलीकडे समोरून कॅनिंगला जाणारी लोकल भेटेल. ती गच्च भरलेली असेल. सकाळच्या त्याच बायका, आता बाकांवर आणि बाकांमधल्या जमिनीवर एकमेकींना टेकून झोपलेल्या. कॅनिंग शेवटचे स्टेशन असल्याने झोपेत ते चुकण्याची भीती त्यांना नसते.